अँटेनापर्यंतची वाट : हॅम रेडिओ केंद्रासाठी केबलची निवड

हौशी रेडिओ, ज्यास जगभर हॅम रेडिओ म्हणतात, हा छंद आहे आणि विद्याही आहे. परवाना मिळालेली व्यक्ती स्वतःच्या यंत्राने व स्वतःच्या अँटेनाने, मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यावर किंवा इंटरनेटवर विसंबून न राहता, दूरच्या माणसाशी थेट बोलू शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास हातभार लावला. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी अंदमानवर आदळली, त्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅम चमू पोर्ट ब्लेअरमध्येच होता. इतर साधने कोलमडल्यावर बेटांवरील निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचविण्याचे काम त्या चमूने केले.

निवासी शाळा आणि ही विद्या यांचे विशेष जुळते. ४० मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झवर, दूरदेशीचे आवाज सूर्य मावळल्यानंतर येऊ लागतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्या आकाशातून केव्हा जाईल, यास शाळेच्या घंटेचे बंधन नसते. दिवसाची शाळा त्या वेळी बंद असते. वसतिगृहातील मुले मात्र सायंवंदना आटोपून आवारातच असतात. म्हणूनच आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज दूरसंचार, विद्युत वा अभियांत्रिकी क्षेत्रांत आहेत, त्यांच्या मनात असे केंद्र शाळेस भेट द्यावे, हा विचार येणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी, तसेच दानाचा पैसा कोठे व कशासाठी खर्च व्हावा हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या पालकांसाठी व समाजबांधवांसाठी आम्ही हा विषय मांडत आहोत.

केंद्राची यादी करावयास बसले की प्रथम यंत्राची चर्चा होते, मग अँटेनाची. या दोहोंना जोडणारी केबल यादीत शेवटी येते आणि उरलेल्या पैशांत, जवळच्या दुकानात जी मिळेल ती, आणली जाते. आमचे प्रतिपादन नेमके याच्या उलट आहे. केबलचा विचार यंत्राच्या आधी, किंबहुना रेडिओची खोली कोणती असावी हे ठरवितानाच, केला पाहिजे. महाग केबल घ्या, असे आम्ही म्हणत नाही. कोठे महाग केबल हवी आणि कोठे ती घेणे म्हणजे दानाचा अपव्यय, हे ओळखता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

केबलचे अंतरंग

कोॲक्सियल केबल म्हणजे समाक्ष केबल. तिच्या मध्यभागी तांब्याची एक तार असते. तिच्याभोवती पॉलिथिलीनसारख्या विद्युत्‌रोधक द्रव्याचे कवच, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर काळे आवरण, अशी तिची चार थरांची रचना. मधली तार आणि जाळी यांचा अक्ष एकच, म्हणून समाक्ष. रेडिओची ऊर्जा मधली तार व जाळीचा आतला पृष्ठभाग यांमधील जागेतून प्रवास करते. त्यामुळे ही केबल भिंतीला टेकली, लोखंडी खांबाला बांधली किंवा वळवून नेली, तरी आतील ऊर्जेस त्याची बाधा होत नाही. उघड्या तारांच्या जोडीला ही मोकळीक नसते.

इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत लॉइड एस्पेनशिड आणि हर्मन ॲफेल यांनी १९२९ मध्ये दाखल केलेल्या पेटंटातून एकाच केबलमधून अनेक संभाषणे नेण्याचा मार्ग मोकळा झाला. आज दुकानात ऐकू येणारी ‘आरजी’ ही अक्षरे अमेरिकी लष्कराच्या जुन्या वर्गीकरणातून आली आहेत. लष्कराने ते वर्गीकरण केव्हाच मागे टाकले, परंतु नावे बाजारात राहिली. परिणामी ‘आरजी-५८’ असे छापलेल्या दोन केबलींमध्ये जाळीची दाटी, तारेचा धातू व गुणवत्ता यांत पुष्कळ अंतर असू शकते. नाव ही ओळख आहे. ती हमी नव्हे.

पन्नास की पंचाहत्तर?

प्रत्येक समाक्ष केबलला एक स्वाभाविक संरोध असतो. तो मधल्या तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि मधले द्रव्य यांवरून ठरतो. केबलच्या लांबीशी त्याचा संबंध नसतो. मध्ये केवळ हवा असलेली केबल घेतली, तर सर्वाधिक शक्ती पेलण्यासाठी सुमारे ३० ओहम आणि सर्वांत कमी ऱ्हासासाठी सुमारे ७७ ओहम हे मूल्य अनुकूल ठरते. प्रक्षेपणाच्या जगाने या दोहोंमधील ५० ओहम स्वीकारले, तर जेथे केवळ ग्रहण करावयाचे असते त्या दूरचित्रवाणीने ७५ ओहम. मध्यम मार्ग म्हणजे निव्वळ तडजोड नव्हे, हे आपण सारे जाणतो. तरीही दोन टोकांचे गुणदोष पारखून मधली जागा जाणीवपूर्वक निवडण्याचे हे एक सुबोध उदाहरण विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगे आहे.

हॅम रेडिओची यंत्रे ५० ओहमसाठी बांधलेली असतात, म्हणून केबलही ५० ओहमची घ्यावी, हा सर्वसाधारण नियम. परंतु हा नियम भीतीपोटी पाळू नये, समजून पाळावा. गावोगाव डिश टीव्हीसाठी वापरली जाणारी आरजी-६ केबल ७५ ओहमची असते. ती ५० ओहमच्या यंत्राला आणि अँटेनाला जोडली, तर ७५ व ५० यांच्या विसंगतीमुळे एका सांध्यावर केवळ ४ टक्के शक्ती परावर्तित होते. केवळ ऐकण्यासाठी, उदाहरणार्थ अंतराळ स्थानकावरून येणारे संदेश टिपण्यासाठी, आरजी-६ सारखी स्वस्त आणि सहज मिळणारी दुसरी केबल नाही. तिच्या जाळीत बहुधा ॲल्युमिनियम असते व त्यास साधे डाख लागत नाही. त्यामुळे तिला दाबून बसवावयाचे एफ कनेक्टरच लावावे लागतात, एवढे ध्यानात ठेवावे.

पाट किती पाणी पितो?

विहिरीतून उपसलेले पाणी कच्च्या पाटाने शेताच्या टोकापर्यंत नेताना वाटेत जमीन किती पाणी पिते, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलास सांगावे लागत नाही. केबलचेही तसेच आहे. यंत्रातून निघालेली शक्ती अँटेनापर्यंत जाताना वाटेत उष्णतेच्या रूपाने झिरपते. पाट जितका लांब, तितके पाणी कमी. मात्र एका बाबतीत केबल पाटाहून वेगळी आहे. रेडिओलहरींची वारंवारता जितकी जास्त, तितकी तीच केबल अधिक शक्ती पिते.

याचे कारण असे. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या गाभ्यातून वाहत नाही. तो पृष्ठभागाच्या पातळ थरातून वाहतो. तांब्यामध्ये ७ मेगाहर्ट्झला हा थर सुमारे ०.०२५ मिलिमीटर जाडीचा असतो, तर १४५ मेगाहर्ट्झला जेमतेम ०.००५५ मिलिमीटर. वाट जितकी अरुंद तितका रोध अधिक. जाड केबलच्या मधल्या तारेचा घेर मोठा असल्याने तिला पृष्ठभाग अधिक मिळतो व ऱ्हास कमी होतो. त्यातच मधले द्रव्य भरीव न ठेवता फेसाळ, म्हणजे हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांनी युक्त केले, तर त्याच बाहेरील व्यासात मधली तार आणखी जाड बसविता येते व ऱ्हास आणखी घटतो.

हा ऱ्हास डेसिबलमध्ये मोजतात. चार आकडे मनात ठेवले की पुरे. १ डेसिबल घट म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा गेला. ३ डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती गेली. ६ डेसिबल म्हणजे चौथा हिस्साच उरला. १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा उरला. केबलची लांबी दुप्पट झाली की डेसिबल दुप्पट होतात. त्यामुळे उत्पादकाने दिलेला १०० मीटरचा आकडा आपल्या लांबीच्या प्रमाणात कमी करणे, हे इयत्ता सहावीतील त्रैराशिकाचेच काम आहे.

एक हिशेब

शाळेच्या तीन मजली इमारतीत रेडिओची खोली तळमजल्यावर, प्रयोगशाळेशेजारी आहे, असे समजू. अँटेना गच्चीवरील खांबावर आहे. खिडकीतून बाहेर, भिंतीवरून वर, कठड्यावरून खांबापर्यंत मिळून ३० मीटर केबल लागते. आपल्याकडे सहज चर्चेत येणाऱ्या तीन केबलींचा या लांबीतील ऱ्हास स्थूलमानाने पुढीलप्रमाणे येतो. आरजी-५८ ही सुमारे ५ मिलिमीटर जाडीची बारीक केबल. आरजी-२१३ ही सुमारे १० मिलिमीटर जाडीची, भरीव पॉलिथिलीनची. आणि एलएमआर-४०० ही तेवढ्याच जाडीची, परंतु फेसाळ द्रव्याची व जाळीखाली धातूचा पत्रा असलेली.

७ मेगाहर्ट्झ : आरजी-५८ मध्ये १.२ डेसिबल, आरजी-२१३ मध्ये ०.५, एलएमआर-४०० मध्ये ०.३.

१४५ मेगाहर्ट्झ : आरजी-५८ मध्ये ६ डेसिबल, आरजी-२१३ मध्ये २.६, एलएमआर-४०० मध्ये १.५.

४३५ मेगाहर्ट्झ : आरजी-५८ मध्ये ११.४ डेसिबल, आरजी-२१३ मध्ये ४.८, एलएमआर-४०० मध्ये २.६.

हे आकडे शक्तीत मांडले की त्यांचा अर्थ उघड होतो. यंत्र २५ वॅटचे आहे आणि आपण १४५ मेगाहर्ट्झवर बोलत आहोत. आरजी-५८ लावली, तर अँटेनाला सुमारे ६ वॅट मिळतात. आरजी-२१३ ने सुमारे १४. एलएमआर-४०० ने सुमारे १८. ४३५ मेगाहर्ट्झवर तर आरजी-५८ मधून २५ पैकी २ वॅटही पोहोचत नाहीत. शाळेने २५ वॅटच्या यंत्राचे पैसे मोजले आणि हाती हातात धरावयाच्या छोट्या संचाएवढी शक्ती आली, असा हा व्यवहार झाला.

आता पहिली ओळ पुन्हा पाहावी. ७ मेगाहर्ट्झवर सर्वांत साधी व सर्वांत भारी केबल यांमधील अंतर एक डेसिबलही नाही. रेडिओच्या सिग्नलमापकावरील एक घर, ज्यास एस युनिट म्हणतात, ६ डेसिबलचे मानले जाते. म्हणजे हा फरक एका घराच्या सहाव्या भागाहूनही लहान. समोरच्याच्या कानास तो जाणवणार नाही. ७ मेगाहर्ट्झची सुमारे २० मीटर लांबीची साधी डायपोल अँटेना गच्चीवर ताणून जे केंद्र देशभरातील हॅम मित्रांशी बोलणार आहे, त्यास भारी केबलची गरज नाही. तेथे चांगल्या प्रतीची आरजी-५८ पुरेशी आहे. १०० वॅटचे यंत्रही ती या पट्ट्यावर निर्धास्तपणे पेलते. उरलेला पैसा उंच खांबासाठी वापरावा.

ऐकण्याच्या बाबतीतही हाच भेद आहे. ७ मेगाहर्ट्झवर दूरच्या विजांची आणि परिसरातील विद्युत उपकरणांची खरखर इतकी असते, की केबल आवाज व खरखर दोन्ही सारखेच कमी करते आणि ऐकणाऱ्याचे काही बिघडत नाही. १४५ मेगाहर्ट्झच्या वर मात्र बाहेरील खरखर कमी असते. तेथे ग्राहकयंत्राची स्वतःची सूक्ष्म खरखरच आडवी येते. केबलने सिग्नल खाल्ला, तर तो या खरखरीत बुडतो व यंत्राचा आवाज कितीही वाढविला तरी परत येत नाही. अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलते आणि दहा मिनिटांच्या आत क्षितिजाआड जाते. त्या दहा मिनिटांपैकी सुरुवातीची व शेवटची, म्हणजे स्थानक क्षितिजाजवळ असतानाची मिनिटे ऐकू येणार की नाही, हे पुष्कळ अंशी केबल ठरविते. अँटेनाजवळ खांबावरच छोटा प्रवर्धक बसविल्यास ही हानी टाळता येते, कारण त्यामुळे सिग्नल केबलमध्ये शिरण्यापूर्वीच सबळ होतो. परंतु त्याच केबलने प्रक्षेपणही करावयाचे असेल, तर त्या वेळी प्रवर्धक बाजूस सारण्याची व्यवस्था हवी.

खोली वर न्या

या हिशेबात आपण ३० मीटर ही लांबी गृहीत धरली. ती आपण स्वतःच ठरविलेली आहे. रेडिओची खोली तळमजल्यावरून जिन्याच्या माथ्यावरील खोलीत नेली आणि केबल १२ मीटरवर आली, तर काय होते ते पाहा. १४५ मेगाहर्ट्झवर १२ मीटर आरजी-२१३ मधील ऱ्हास १ डेसिबल; म्हणजे ३० मीटर एलएमआर-४०० पेक्षाही कमी. इतकेच नव्हे, तर १२ मीटर आरजी-५८ मधील २.४ डेसिबल हा ३० मीटर आरजी-२१३ मधील ऱ्हासापेक्षा किंचित कमीच आहे. खोली बदलल्याने साधी केबल मध्यम केबलीची बरोबरी करते आणि मध्यम केबल भारी केबलीला मागे टाकते. यासाठी खर्च कोणता? एक टेबल व दोन खुर्च्या वर नेण्याचा.

म्हणून आम्ही म्हणतो की केबलची निवड खोलीपासून सुरू होते. सर्वांत उत्तम केबल ती, जी विकत घ्यावीच लागत नाही. उन्हाळ्यात वरची खोली तापते, हे खरे. त्याचा विचार करावा. मात्र हा निर्णय इमारत समितीने एकट्याने घेऊ नये, रेडिओ जाणणाऱ्यास त्या बैठकीस बोलवावे.

समाधानी मीटरपासून सावध

केबल सदोष असली तर मीटर सांगेलच, अशी अनेकांची समजूत असते. वास्तव याहून निराळे आहे. अँटेना व केबल यांचा मेळ किती बसला हे पाहण्यासाठी एसडब्ल्यूआर मीटर वापरतात. तो पुढे जाणारी व परत येणारी शक्ती यांची तुलना करतो. १ : १ म्हणजे काहीच परत आले नाही. आता वरील ३० मीटर आरजी-५८ घेऊ व १४५ मेगाहर्ट्झवर तिचे दूरचे टोक अँटेनाला न जोडता मोकळेच ठेवू. सर्व शक्ती त्या टोकावरून परत फिरते. परंतु जाताना ६ डेसिबल झिरपले, येताना आणखी ६ झिरपले. मीटरपाशी सोळावा हिस्साच परत येतो आणि मीटर दाखवितो सुमारे १.७. नवख्यास वाटते, ठीकच आहे. अँटेना मात्र जोडलेलीच नाही!

जी केबल शक्ती गिळते, ती दोषही गिळते. म्हणून एसडब्ल्यूआर खांबाजवळ, अँटेनाच्या पायथ्याशी मोजावा. तसेच जुन्या केंद्रात काहीही न बदलता एसडब्ल्यूआर आपोआप ‘सुधारू’ लागला, तर आनंद न मानता केबल तपासावी. बहुधा तिच्यात पाणी शिरलेले असते. केबलची लांबी थोडी कमी-अधिक करून एसडब्ल्यूआर ‘बसविण्याची’ एक जुनी सवयही आढळते. त्यामुळे मीटरचा आकडा बदलला, तरी अँटेना जशी होती तशीच राहते.

विकत घेताना

परीक्षा केल्याविना स्वीकारू नये, हा धम्माचा संस्कार दुकानातही उपयोगी पडतो. केबलचा तुकडा मागून घ्यावा आणि सोलून पाहावा. जाळी दाट हवी. जाळीतून आतले पांढरे कवच मोठ्या प्रमाणात दिसत असेल, तर ती केबल नाकारावी. मधली तार तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी आहे, हे चुंबकाने कळते. मुलाम्याची तार उच्च वारंवारतेवर चालते, कारण प्रवाह पृष्ठभागावरच असतो. पण ७ मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यावर मुलामा पातळ असेल तर ऱ्हास वाढतो. मधली तार कवचाच्या बरोबर केंद्रस्थानी असावी. आवरणावर उत्पादकाचे नाव, प्रकार व ओहम छापलेले असावेत आणि त्या उत्पादकाचा ऱ्हासाचा तक्ता मिळत असावा.

अखेरची परीक्षा मोजमापाची. केबलच्या एका टोकास यंत्र व दुसऱ्या टोकास ५० ओहमचा डमी लोड जोडून, परवानाधारकाच्या देखरेखीखाली, वॅटमीटरने शक्ती प्रथम यंत्राजवळ व मग डमी लोडजवळ मोजावी. १४५ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-२१३ मध्ये १० वॅट घातले, तर साडेपाच वॅटच्या आसपास बाहेर यावेत. दोनच निघाले, तर छापलेले नाव खोटे किंवा कनेक्टर सदोष. नववीच्या विद्यार्थ्यांसाठी याहून जिवंत प्रयोग शोधून सापडणार नाही.

कनेक्टरविषयी थोडक्यात. पीएल-२५९ हा कनेक्टर ७ मेगाहर्ट्झपासून १४५ मेगाहर्ट्झपर्यंत चालतो, परंतु तो जलरोधक नाही. ४३५ मेगाहर्ट्झसाठी व उघड्यावरील सांध्यासाठी एन प्रकारचा कनेक्टर श्रेष्ठ. बीएनसी बारीक केबलीस व तात्पुरत्या जोडणीस सोयीचा. कनेक्टरमधील स्वाभाविक हानी नगण्य असते. घात करते ते कच्चे डाखकाम. मध्ये जोड देऊन केबल लांबविण्यापेक्षा अखंड तुकडा घ्यावा.

ऊन, पाऊस आणि माकडे

केबलही अनित्यच. ऊन आवरणाला तडे पाडते आणि पावसाळा त्या तड्यांतून आत शिरतो. जाळीच्या बारीक तारांमधून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे मीटरच्या मीटर आत जाते. तांबे काळे पडते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी केबल निकामी होते. कोकणात व घाटमाथ्यावर तर हा पहिल्याच पावसाळ्याचा प्रश्न आहे. म्हणून प्रत्येक बाहेरील सांध्यावर स्वतःशीच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी व तिच्यावर उन्हापासून रक्षणासाठी विद्युत टेपचा थर द्यावा. केबल खिडकीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल. खोलीत येणार नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, वरील वॅटमीटरची परीक्षा पुन्हा करून आकडा वहीत नोंदवावा. आकडे घसरू लागले की केबल बदलण्याची वेळ आली.

केबल स्वतःच्या वजनावर लोंबू देऊ नये. खांबास मीटर-दीड मीटरवर बांधावी. काटकोनात मोडू नये, विशेषतः फेसाळ द्रव्याची. उन्हात मऊ झालेल्या कवचातून मधली तार हळूहळू एका बाजूस सरकते. मोठा बाक द्यावा. गच्चीवर माकडांचा वावर असेल, तर मोकळी लोंबणारी केबल म्हणजे त्यांचा झोका. तेथे केबल भिंतीलगत पाइपमधून न्यावी. उंदरांपासूनही तो पाइप रक्षण करतो.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत मात्र काटकसरीला जागा नाही. अँटेना व केबल वीजवाहक तारांपासून इतकी दूर असावी, की खांब कोसळला तरी स्पर्श होणार नाही. केबलची जाळी इमारतीत शिरण्यापूर्वी चांगल्या अर्थिंगला जोडावी व तेथेच विजेपासून संरक्षक साधन बसवावे. ढग गडगडण्यापूर्वी केबल यंत्रापासून काढून खोलीबाहेर ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये. हा नियम खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

निर्णयाचा क्रम

सारांश असा. प्रथम कोणत्या पट्ट्यावर काम करावयाचे ते ठरवावे. मग खोली अँटेनाच्या जितक्या जवळ नेता येईल तितकी न्यावी व उरलेली लांबी दोरीने मोजावी. त्या लांबीचा व पट्ट्याचा ऱ्हास तक्त्यावरून काढावा. ऱ्हास १ डेसिबलच्या आसपास असेल, तर अधिक खर्च करू नये. ३ डेसिबलच्या वर गेला, तर पुढची जाड केबल घ्यावी किंवा खोलीचा पुन्हा विचार करावा. केवळ ऐकण्यासाठी डिशची केबल वापरण्यात कमीपणा मानू नये. मग खरेदी, मग परीक्षा, मग बांधणी, आणि दरवर्षी नोंद.

प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगचा परवाना लागतो व त्यासाठी परीक्षा असते. तिला पदवीची अट नाही. उत्तीर्ण होणाऱ्यास ‘व्हीयू’ अक्षरांनी सुरू होणारे एक चिन्ह मिळते आणि त्यानंतर रेडिओच्या जगात त्याची ओळख तेवढीच असते: ते चिन्ह आणि त्याचे स्वतःचे नाव. पलीकडचा माणूस आडनाव विचारत नाही. आवाज स्पष्ट आहे का, एवढेच विचारतो. आपल्या मुलांना या प्रश्नाचे मोल कोणी समजावून सांगावे लागणार नाही. त्या एका प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे यावे, यासाठी भिंतीवरून गच्चीपर्यंत जाणाऱ्या त्या काळ्या दोरीकडे आपण वेळीच लक्ष दिले पाहिजे.